तुळशीचें माहात्म्य आणि तिचें माप

कार्तिक शुद्ध द्वादशी जवळ आली म्हणजे आमच्या रिद्धपुरांत बऱ्याच घरीं वृंदावनास गेरू व चुना लागतो, मांडवाकरितां उसाचीं धांडीं येतात, आणि बोर, चिंच व आवळा हीं नवीं फळें प्रथम तुळशीपुढें मांडून मग मुलांच्या हातीं देतात. द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कोणत्याहि सायंकाळीं हें लग्न लागतें व त्यानंतरच माणसांच्या लग्नांचे मुहूर्त निघतात. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मीं तीस वर्षें पेऱ्याचे कागद तपासले. गांव नमुना बारामध्यें कापूस, तूर व संत्री यांचे आंकडे उतरविले. परंतु तुळशीचा आंकडा लिहिण्याचा प्रसंग कधीं आला नाहीं. जें झुडूप अंगणोअंगणीं आहे तें सरकारी कागदावर नाहीं, याचें मला तेव्हांहि कौतुक वाटे.

तिच्या पावित्र्याच्या कथा पुष्कळ आहेत. जालंदराची पतिव्रता स्त्री वृंदा हिची कथा सर्वांस ठाऊक असल्यामुळें ती येथें सांगत नाहीं. वऱ्हाडाशीं जिचा संबंध आहे ती मात्र सांगितली पाहिजे. सत्यभामेनें श्रीकृष्णास तराजूच्या एका पारड्यांत बसवून दुसऱ्यांत आपले सर्व अलंकार घातले, तरी कांटा हलेना. शेवटीं रुक्मिणीनें एक तुळशीपत्र ठेवितांच पारडें खालीं गेलें, असें कीर्तनकार सांगतात. ही रुक्मिणी आमच्या विदर्भाची लेक. तिचें माहेर म्हणून वर्धा नदीच्या कांठचें कौंडण्यपूर दाखवितात, व तेथून तिची पालखी आषाढीस पंढरपुरास जाते. तेराव्या शतकांत महदंबेनें कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचिले ते तर याच रिद्धपुरीं. बायकांच्या ओव्यांत मात्र रुक्मिणी तुळशीस सवत मानून रुसते. लेकीच्या माहेरच्यांनींच तिच्या सवतीचें लग्न एवढ्या थाटानें लावावें, ही वऱ्हाडची मोठी गंमत आहे!

वैद्यकांत तुळशीस ‘सुरसा’ असें जुनें नांव आहे. चरकसंहितेंत उचकी, खोकला, दमा व बरगडींतील शूळ यांवर ती सांगितली आहे. सुश्रुतानें तर औषधींच्या एका गणासच तिचें नांव दिलें. स्वीडन देशच्या लिनीअसनें १७६७ सालीं तिला जें लॅटिन नांव दिलें, त्याचाहि अर्थ ‘पवित्र’ असाच आहे. हिरव्या पानांची ती रामतुळस व काळसर जांभळ्या पानांची ती कृष्णतुळस. कृष्णतुळस अधिक गुणकारी म्हणून तिचें रोप दुप्पट किंमतीस विकणारे भेटतात. परंतु भावप्रकाशांत दोन्ही गुणांनीं सारख्याच म्हटल्या आहेत. पान चुरडतांच लवंगेसारखा जो वास येतो तो युजेनॉल नांवाच्या द्रव्याचा. लवंगेच्या तेलांतहि मुख्यतः तेंच असतें. थंडीच्या दिवसांत घसा धरला असतां दहाबारा पानें, आल्याचा तुकडा व दोनचार मिरीं उकळून तें कोमट पाणी घेतल्यास आराम पडतो, हा घरोघरचा अनुभव आहे. सरबतांत घालतात तो सब्जा मात्र या तुळशीचें बी नव्हे. ती वेगळी जात. तुळस रात्रंदिवस प्राणवायु सोडते असें हल्लीं ठिकठिकाणीं सांगतात, तेंहि खरें नाहीं. इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणें ती उजेडांतच प्राणवायु सोडते.

आतां एक गोष्ट सांगतों, ती माझ्या चुकीची आहे. तीन वर्षांपूर्वीं भाद्रपदांत आमच्या घरच्या मंडळीस ताप आला. डोळ्यांमागें ठणका, सांधे धरलेले. मीं तुळशीचा काढा सुरू केला, व कोणी दवाखान्याचें नांव काढलें कीं, घरांत वृंदावन असतां सुई कशास, असें म्हणून त्यास वाटेस लावीत गेलों. चौथ्या दिवशीं ताप उतरला, तेव्हां चारचौघांत फुशारकीहि मारली. पांचव्या दिवशीं तिच्या हिरड्यांतून रक्त येऊं लागलें, हातपाय गार पडले. रात्रीं मोटार करून अमरावतीस नेलें, तों डेंग्यू निघाला. या रोगांत ताप उतरल्यानंतरचे एकदोन दिवसच अधिक धोक्याचे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. आणि मीं तेच दिवस फुशारकींत घालविले होते. ती वांचली. घरीं येतांच तिनें प्रथम वृंदावनास पाणी घातलें. मी ओशाळून तेथेंच उभा होतों. “तुयशीले बोल नोका लावू,” ती म्हणाली, “दवाखान्यात नोका नेऊ, असं तिनं कुठी म्हटलं होतं?”

तेव्हांपासून साध्या पडशा-खोकल्यास काढा आणि दोन दिवसांवर राहिलेल्या किंवा थंडी वाजून येणाऱ्या तापास रक्ततपासणी, असा आमच्या घरीं नियम आहे. मलेरिया व डेंग्यू यांवर तुळस हें औषध नव्हे. रक्त पातळ करणारीं अथवा मधुमेहाचीं औषधें चालूं असतील त्यांनीं तिची पूडहि डॉक्टरांस विचारल्यावांचून रोज घेऊं नये.

लागवड करूं इच्छिणाऱ्या बंधूंनीं पेरण्यापूर्वीं गिऱ्हाईक पाहावें. मजकडे एक गृहस्थ बियाणें विकावयास आले व सर्व पाला आपणच घेऊं असें म्हणाले. दहा गुंठ्यांचा पाला सावलींत वाळवून पोत्यांत भरला; ते गृहस्थ पुनः फिरकले नाहींत. सारा जन्म लेखी पुराव्यांत घालविलेल्या माणसानें तोंडी शब्दावर पेरावें, याहून नवल तें काय?

पीक मात्र सोपें आहे. एकरास सुमारें सव्वाशें ग्रॅम बी पुरतें. तें फार बारीक असल्यामुळें राखेंत किंवा वाळूंत कालवून गादीवाफ्यावर पेरावें, वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा व झारीनें पाणी घालावें. आठ ते बारा दिवसांत उगवण होते. सहा आठवड्यांचीं रोपें दीड दीड फुटावर लावावीं. आमच्या काळ्या जमिनींत पाणी सांचतें व तें तुळशीस मानवत नाहीं, म्हणून सरींत न लावतां वरंब्यावर लावावीं. पहिली कापणी सुमारें नव्वद दिवसांनीं, पुढच्या दोनसवादोन महिन्यांच्या अंतरानें. कापतांना बुंधा अर्धा फूट राखावा. तेलाकरितां लावणें असल्यास लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेची ‘सिम-आयु’ ही जात युजेनॉल अधिक देणारी आहे. फळबाग असणाऱ्यांनीं हेंहि लक्षांत ठेवावें कीं, फळमाशीच्या सापळ्यांत वापरतात तें मिथाइल युजेनॉल कांहीं तुळशींत असतें व त्याच्या वासानें फळमाशीचे नर ओढले जातात.

अंगणांतील तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळीं खुडीत गेल्यास पाला वाढतो. बियाकरितां थोड्या ठेवाव्या, आणि लग्न आटोपल्यावर वाळलेल्या मंजिऱ्या कापडावर चोळून, फुंकून, बी कोरड्या डबींत भरावें. तें मृगापूर्वीं वाफ्यावर टाकतां येतें. ज्यांच्याजवळ नसेल त्यांनीं शेजारच्या वृंदावनांतून मागून आणावें. तुळशीच्या बियास कोणी नाहीं म्हणत नाहीं.