ओळख कलनाची – लेखांक ९ : पाणी फूटभर चढले म्हणजे किती आले?

प्रवरा नदीवर अकोले तालुक्यात १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे ११ टीएमसी आहे, आणि ते किती भरले याकडे पावसाळ्यात थेट नेवाशापर्यंतच्या लाभक्षेत्राचे डोळे लागलेले असतात. परंतु जलाशयातले पाणी कोणी मापाने मोजत नाही. मोजली जाते ती पातळी, आणि त्या पातळीला साठा किती हे तयार तक्त्यावरून काढले जाते. साठा पातळीवर अवलंबून आणि पातळी काळावर अवलंबून, अशी एका फलनाच्या पोटात दुसरे फलन बसले की त्यास संयुक्त फलन म्हणतात; येथे पातळी हे आतले आणि साठा हे बाहेरचे फलन होय.

आता आवक, म्हणजे साठा वाढण्याचा दर, काढावयाचा आहे. अवकलज म्हणजे असा तत्क्षणीचा दर, हे मागील लेखांकांत आलेच आहे. दरी तळाशी अरुंद आणि वर रुंद असल्यामुळे जूनमध्ये तळाजवळ चढलेला एक फूट आणि ऑगस्टमध्ये काठोकाठ आलेल्या जलाशयात चढलेला एक फूट यांत पाणी सारखे नसते. पातळीच्या संदर्भात साठ्याचा अवकलज म्हणजे त्या पातळीला असलेले पाण्याच्या पृष्ठाचे क्षेत्रफळच होय. या क्षेत्रफळाला पातळी चढण्याच्या वेगाने गुणले की आवक मिळते, आणि हाच साखळी नियम.

सोयीसाठी एक कल्पित दरी घेऊन, पातळी 'प' असताना साठा प³ आणि 'क' दिवसांनंतर पातळी २क + ५ आहे, तसेच विसर्ग बंद आहे, असे मानू. बाहेरचा अवकलज ३प², आतला २; म्हणून आवक = ३(२क + ५)² × २. आरंभी, म्हणजे क = ० असताना, ती १५० येते आणि पाचव्या दिवशी १३५०, म्हणजे पातळी रोज सारखीच चढत असूनही आवक नऊपट होते. विद्यार्थी शेवटचा २ विसरतात ही चूक सर्वांना ठाऊक आहे. पण कंसाच्या जागी नुसता 'क' ठेवून ३क² लिहिणे ही त्याहून खोल चूक आहे, कारण क्षेत्रफळ पातळीला विचारावयाचे असते, दिनदर्शिकेला नव्हे.

लायब्निझच्या चिन्हलेखनात मधली राशी अपूर्णांकासारखी छेदली गेल्यासारखी दिसते, आणि नियम लक्षात ठेवण्यास ते उत्तमच आहे. मात्र ती सिद्धता नव्हे, कारण पातळी काही काळ जागच्या जागी राहिली तर तिच्यातील बदल शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही. सिद्धता पुढील लेखांकात येईल. तोवर वाचकांनी याच दरीत आवक रोज ६०० इतकी स्थिर धरून, पातळी १० असताना ती कोणत्या वेगाने चढेल, हे काढून पाहावे. उत्तर २ येते.