जुनी गाडी आणि बदलाची वेळ



सुरत शहराच्या पूर्व अंगाला गोडादरा, लिंबायत, डिंडोली असा जो भाग आहे, तेथे सकाळी फिरावयास निघालेल्या माणसाच्या कानी मराठी आणि अहिराणी हटकून पडते. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने खानदेशातील कितीतरी कुटुंबे येथे आली, मागावर उभी राहिली आणि हळूहळू येथलीच होऊन गेली. याच गोडादऱ्यात, एका निवृत्त जॉबरच्या दारात, एक बैठी, दोन आसनांची, वीस वर्षांची मोटार उभी आहे. थोरल्या मुलाने ती हौसेने विकत घेतली आहे. रंग अजून झळझळीत आहे, इंजिन एका चावीत सुरू होते आणि दिवाळीला तीच गाडी घेऊन धुळ्यास जावयाचे असा मुलाचा बेत होता.

वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि चाके, ब्रेक, पट्टे शेवटचे केव्हा बदलले, असे विचारले. मुलगा म्हणाला, “नाना, गाडी उत्तम चालते आहे. चालत्या गाडीला हात कशाला लावायचा?” यावर नाना म्हणाले, “अरे, चालते हे मलाही दिसते. थांबेल का, ते सांग.”

आजच्या भाषणाचा सारा विषय या एका प्रश्नात सामावलेला आहे. वेगासाठी बांधलेली गाडी जुनी झाली म्हणजे तिचे कोणते भाग केव्हा बदलावेत? सगळेच एकदम बदलावयाचे म्हटले, तर गाडीच्या किमतीपेक्षा खर्च अधिक होतो. आणि मोडेल तेव्हा पाहू म्हटले, तर कधीकधी पाहावयास माणूस उरत नाही. या दोन टोकांच्या मध्ये शहाणपणाची एक वाट आहे. ती गोडादऱ्यातील जॉबराला पुस्तकावाचून ठाऊक असते.

धोट्याच्या मागावर पिकर नावाचा एक लहानसा भाग असतो. धोट्याला इकडून तिकडे फेकणारा दणका तोच देतो. धोट्याचे टोक पुनःपुन्हा आदळून पिकरला खड्डा पडतो. खड्डा खोल आणि वाकडा झाला की धोटा सरळ जात नाही. तो मार्ग सोडून बाहेर उडतो आणि शेजारच्या माणसाचे डोके फोडू शकतो. म्हणून शहाणा जॉबर पिकर तुटण्याची वाट पाहत नाही, तसाच तो दर सोमवारी नवा पिकरही घालीत नाही. तो खड्डा पाहतो. मागाच्या चौकटीचा प्रश्न वेगळा. ती वर्षानुवर्षे तशीच चालते. प्रत्येक भागाची झीज निराळी आणि म्हणून प्रत्येकाची वेळही निराळी, हा पहिला धडा होय.

मोटारीच्या झिजणाऱ्या भागांचे आपण तीन वर्ग पाडू. जे निकामी झाले असता जीव धोक्यात येतो, ते पहिल्या वर्गात. जे स्वतः स्वस्त, पण मोडताना महागड्या शेजाऱ्याला सोबत घेऊन जातात, ते दुसऱ्यात. आणि जे आधी सूचना देतात व हळूहळू थकतात, ते तिसऱ्यात. पहिल्या वर्गाचे भाग मोजमाप आणि पंचांग पाहून बदलावयाचे, दुसऱ्या वर्गाचे मुदतीपूर्वी, आणि तिसऱ्या वर्गाचे लक्षणे पाहून.

पहिल्या वर्गात अग्रमान टायरचा. टायरच्या खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, म्हणजे खाच सुमारे १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. आपल्याकडील मोटारींना कायद्याने घालून दिलेली किमान मर्यादाही तीच आहे. परंतु पावसाळ्यात सुरतेच्या रस्त्यांवर पाणी साचते, तेव्हा वेगाच्या गाडीने या मर्यादेपर्यंत थांबणे धोक्याचे. ३ मिलिमीटरवरच नव्या टायरचा विचार करावा. जुन्या हौशी गाडीचा खरा धोका मात्र निराळाच आहे. ती फिरते थोडी आणि उभी राहते फार. त्यामुळे खाचा खोल दिसतात, पण रबर वयाने कडक होते आणि त्याला बारीक भेगा जातात. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे लिहिले असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील होय. सहा वर्षे झाली की टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कितीही टवटवीत दिसला तरी काढून टाकावा. आकडे तीनच असतील, तर टायर २००० सालापूर्वीचा आहे. अशा टायरवर गाडी फाटकाबाहेर नेऊ नये.

दुसरा मान ब्रेकचा. ब्रेकचे पॅड ३ मिलिमीटरच्या आसपास आले की बदलावेत. ज्या तबकडीवर ते घासतात, तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते; तबकडी त्याहून पातळ झाली असेल, तर नुसते पॅड बदलून भागत नाही. तथापि ज्याच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, तो भाग दिसतही नाही. तो म्हणजे ब्रेक ऑइल. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. प्रचारात असलेल्या डॉट ४ या प्रकारच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पुरेसे पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते.

याचा अर्थ काय, तो सुरत-धुळे महामार्गावर कळतो. सोनगड, नवापूर, विसरवाडी ओलांडून कोंडाईबारीचा घाट लागतो. जाताना चढ आहे, येताना उतार. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की तबकड्या तापतात, उष्णता तेलापर्यंत पोहोचते आणि त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तो पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचवितो. वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. गावातल्या रस्त्यावर वर्षभर निर्दोष वाटलेला ब्रेक असा नेमका घाटात दगा देतो. हे टाळण्याचा उपाय अगदी स्वस्त आहे: दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल संपूर्ण बदलणे आणि रबरी ब्रेकनळ्यांना भेगा अथवा फुगवटा दिसताच त्या नव्या घालणे. आणि घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाचा आधार घेणे, हे तर बिनखर्चाचे.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही याच वर्गातल्या. २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या नळ्या आणि रबरी चकत्या अशा मिश्रणाचा विचार करून बनविलेल्या असतीलच असे नाही. त्यांतले रबर फुगते किंवा मऊ पडते. इंजिनाशेजारी पेट्रोलचा वास येऊ लागला, तर गाडी तेथेच बंद करावी. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्यांचा खर्च आगीच्या मानाने नगण्य आहे.

आता दुसरा वर्ग. त्याचा नमुना म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिनाच्या झडपा आणि दट्टे यांचा ताल हा दातेरी पट्टा सांभाळतो. अनेक इंजिनांत झडपा व दट्टे एकाच जागेत पाळीपाळीने येजा करतात. पट्टा तुटला की ते एकमेकांवर आदळतात, झडपा वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. हा पट्टा तुटण्यापूर्वी बहुधा आवाज करीत नाही. म्हणून कंपनीने किलोमीटर आणि वर्षे अशी जी दुहेरी मुदत दिलेली असते, तिच्यातील आधी येईल ती पाळावी. जुनी गाडी विकत घेतली आणि पट्ट्याचा इतिहास कळला नाही, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. पट्टा काढावयास अर्धे इंजिन सोडवावे लागते. म्हणून त्याच वेळी त्याचा ताण राखणारी कप्पी आणि, त्याच पट्ट्यावर चालत असेल तर, पाण्याचा पंपही बदलून घ्यावा. नाहीतर चार महिन्यांनी पंप गळू लागतो आणि तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

रेडिएटरच्या नळ्या, त्याचे पाणी आणि थर्मोस्टॅट यांचेही असेच आहे. नळी फुटली की पाणी जाते, इंजिन तापते आणि हेड वाकते. थंड इंजिनावर नळी बोटांनी दाबून पाहावी. ती चिवट लागावी. कडकडीत किंवा लिबलिबीत लागली, तर तिचे दिवस भरले असे समजावे.

तिसऱ्या वर्गातील भाग प्रामाणिक असतात, ते बोलतात. क्लच थकला की इंजिनाचा आवाज चढतो, पण त्या मानाने वेग चढत नाही. शॉकॲब्सॉर्बर गेले की खड्ड्यानंतर गाडी दोनतीन झोके घेते आणि टायर चट्ट्याचट्ट्यांनी झिजतो. बुश सैल झाले की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. बॅटरी तीन ते पाच वर्षांत सकाळी कुरकुरू लागते. या भागांची घाई करू नये. पण त्यांचे बोलणे ऐकूनही कानाडोळा करू नये. आणि एक पथ्य सर्वत्र पाळावे: टायर, पॅड, शॉकॲब्सॉर्बर हे डावे-उजवे जोडीनेच बदलावेत. एक नवा आणि एक जुना अशा जोडीने गाडी मोक्याच्या क्षणी वाकडी जाते.

दुर्मिळ गाडीपुढे आणखी एक अडचण असते, ती म्हणजे भाग मिळण्याची. या बाबतीत गोव्यातील एक उदाहरण बोधप्रद आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथे सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार तयार होऊ लागली. थोड्या संख्येने निघालेली ही गाडी आज रस्त्यावर क्वचितच दिसते आणि तिचे उत्पादनही थांबलेले आहे. तिचे कवच काचतंतूंचे, म्हणजे गंजाची भीती नसलेले. पण इंजिन? ते होते रेनॉ कंपनीचे ११४९ घन सेंटिमीटरचे, आणि याच घराण्याचे इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या सर्वसामान्य गाड्यांत हजारोंनी बसविलेले होते. तात्पर्य असे की, गाडी दुर्मिळ असली तरी तिचे आतडे-काळीज बहुधा कोणत्या तरी सामान्य गाडीचे असते. त्या सोयऱ्याधायऱ्यांची नावे मालकाने आधीच शोधून ठेवावीत. मात्र वर्षानुवर्षे फडताळात पडून असलेला ‘नवाकोरा’ पट्टा किंवा टायर स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये. रबर गाडीवर म्हातारे होते, तसे फडताळातही होते.

वय आणि झीज या दोन गोष्टी एक नव्हेत, हेही येथे सांगितले पाहिजे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून कित्येक वर्षे धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, ती टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. यंत्र संपले म्हणून नव्हे. खाजगी गाडीलाही पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते आणि त्यासाठी तपासणी होते. पुष्कळांना ती कटकट वाटते. वस्तुतः नीट राखलेल्या गाडीच्या मालकाने त्या तपासणीला भिण्याचे कारण नाही.

गोडादऱ्यातील त्या घरी पुढे काय झाले, ते सांगून मी रजा घेतो. नानांनी शंभर पानी वही आणली आणि मुलाला प्रत्येक भागासमोर तीन गोष्टी लिहावयास लावल्या: केव्हा बदलला, किती किलोमीटरवर बदलला, पुढे केव्हा पाहावयाचा. बहुतेक रकाने कोरे राहिले. टायरवरचे आकडे वाचले, तेव्हा खाचा खोल असलेले ते चारही टायर अकरा वर्षांचे निघाले. ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचे होते. मुलाने नव्या रंगासाठी आणि गाण्याच्या यंत्रासाठी पैसे बाजूला ठेवले होते. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच गॅरेजात गेला आणि त्या पैशांतून टायर, ब्रेकचे तेल व नळ्या आणि टायमिंग बेल्ट एवढे घालून आला.

दिवाळीला बापलेक त्याच गाडीने धुळ्यास गेले. परत येताना कोंडाईबारीच्या उतारावर पुढचा मालट्रक अचानक थांबला. मुलाने ब्रेक दाबला आणि गाडी हातभर अंतर राखून उभी राहिली. नाना काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी वही उघडली आणि ब्रेक ऑइलच्या रकान्यात पुढची तारीख, दोन वर्षांनंतरची, स्वतःच्या हाताने लिहिली.