दोर पारखणारे गिऱ्हाईक

अठराव्या शतकाच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातली जहाजे मुंबई-कलकत्त्यापर्यंत व्यापाराला जात. तिथले मालक आणि कप्तान आपल्या जहाजाचे चित्र हौसेने काढून घेत. चितारी बहुधा स्वतःच शिकलेला, एरवी दुकानांच्या पाट्या नि घोडागाड्या रंगवणारा.

या चित्रांचा साचा ठरलेला. जहाज बाजूने दिसणारे, शिडे फुगलेली, झेंडा फडकता. समुद्र म्हणजे खाली लावलेली लाटांची झालर. कधी एकाच चित्रात तेच जहाज दोन-तीन बाजूंनी दिसते. चूक सापडते ती वाऱ्यात: मागून आलेल्या वाऱ्याने शिडे पुढे फुगलेली आणि झेंडा मात्र मागे उडतोय. पण डोलकाठ्या आणि दोर जागच्या जागी लागत, कारण पैसे मोजणाऱ्याचे आयुष्य त्याच दोरांच्या भरवशावर गेलेले असे.

मिकेले फेलिचे कोर्ने हा चित्रकार इटलीहून १८०० साली 'माउंट व्हर्नन' जहाजाने सेलमला आला. त्याचा शिष्य जॉर्ज रोप्स (१७८८–१८१९) बहिरा-मुका, कप्तानाचा मुलगा. बाप गेल्यावर पाट्या नि गाड्या रंगवून त्याने घर चालवले.

मग अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध आले. १९ ऑगस्ट १८१२ रोजी कप्तान आयझॅक हल यांच्या अमेरिकन युद्धनौका 'कॉन्स्टिट्यूशन'ने ब्रिटिश युद्धनौका 'गेरिएर'च्या तिन्ही डोलकाठ्या पाडल्या. बोस्टनला बांधलेल्या 'कॉन्स्टिट्यूशन'च्या जाड ओकवर तोफगोळे आपटून परतले, म्हणून ती 'ओल्ड आयर्नसाइड्स', म्हणजे लोखंडी बाजूंची, झाली. कोर्नेने ही लढाई चित्रमालिकेत रंगवली. लढाईची छापील चित्रेही निघाली आणि समुद्र न पाहिलेल्यांच्या हातीही ती पडू लागली.

इंग्लंडात जन्मलेला टॉमस चेंबर्स (१८०८–१८६९) अशा छापील चित्रांवरून काम करी. १८४०च्या दशकाच्या सुमारास त्याने काढलेले या लढाईचे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या हातून कडा ठळक होतात, रंग भडक होतात, लाटांची नक्षी होते. दोरांचा हिशेब विचारणारे गिऱ्हाईक त्याच्यापुढे उभे नव्हते, आणि ती मोकळीक त्याने पुरेपूर वापरली.

म्हणून असे चित्र पाहताना आधी दोर पाहावेत. ते चोख असतील, तर चित्र बहुधा डेकवरच्या माणसासाठी काढलेले. लाटाच डोळ्यांत भरत असतील, तर दिवाणखान्यासाठी.