घाडगे इटलीत पडले, समाधी नाही. पण नाव कोरलेलं आहे! तुमच्या गावच्या जवानाचं नाव असं शोधा

माणगावातला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा येता-जाता अनेकांनी पाहिला असेल. पळसगावचा हा जवान दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी ठरला, हेही तालुक्यात बहुतेकांना ठाऊक आहे. पण ते नेमके कुठे पडले आणि तिकडे त्यांची काही खूण आहे का, हे फार थोड्यांना सांगता येईल.

10 जुलै 1944. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे एका छोट्या तुकडीचे प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या तुकडीतले सगळे ठार तरी झाले किंवा जखमी. उरले एकटे घाडगे. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा बंद पाडला, आणखी एकाला टॉमी गनने टिपलं. गोळ्या संपल्या, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. मग बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना जागीच संपवलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय होतं 22.

त्यांची समाधी कुठेच नाही. अशा बेपत्ता अंत्यस्थानाच्या चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं रोमच्या दक्षिणेला कॅसिनो इथल्या स्मारकावर कोरली आहेत, त्यात घाडगेंचं नाव आहे. ज्यांच्या देहाला अग्नी दिल्याची नोंद आहे, त्यांच्यासाठी इटलीत वेगळी स्मारकं आहेत. जुलै 2023 मध्ये मोंतोने या गावाने घाडगेंच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. परक्या गावाने 79 वर्षांनी आठवण ठेवली, ही गोष्ट साधी नाही.

इटलीच्या लढाईत 5,782 भारतीय सैनिक गेले. घाडगेंचा पुतळा झाला, बाकीच्यांचं काय? त्यातले कितीतरी आपल्याच वाड्या-वस्त्यांवरचे. घरी तार आली, पुढे फोटोही उरला नाही.

ही नावं आता मोबाईलवर सापडतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची यादी आहे, पाहायला पैसे लागत नाहीत. 1962, 65, 71 च्या लढायांतले जवान मात्र तिथे मिळणार नाहीत.

खरी अडचण स्पेलिंगची. साहेबाच्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं. घाडगेंचंच ‘यशवंत’ तिथे ‘वाय-ई’ ने सुरू होतं, ‘वाय-ए’ ने नाही. म्हणून एका नावाचे तीन-चार स्पेलिंग टाकून बघा. भारतीय सैनिकांची नावं आडनावाच्या रकान्यात पूर्णच्या पूर्ण घातलेलीही असतात, त्यामुळे आडनावाने नाही सापडलं तर पहिल्या नावाने शोधा. पलटणीचं नाव माहीत असेल तर तेही टाका. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव असतं, पण जिल्हा जुना: रायगड नाही, कुलाबा. नाव जुळलं तरी वडील आणि गाव जुळल्याशिवाय आपला माणूस समजू नका. एकाच नावाचे बरेच जण आहेत.

पणजोबा पहिल्या महायुद्धात इराककडे, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात गेले असतील, तर आणखी एक गोष्ट. तिकडच्या बसरा स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांची नाहीत. पलटणीखाली फक्त आकडा. कमिशनने 2021 मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली. त्यामुळे तिथल्या दगडाचा फोटो मागवून उपयोग नाही, नाव यादीतच शोधावं लागेल.

घरात जुनं पदक असेल तर ते घासून चकचकीत करू नका. त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असू शकते. शोध तिथूनच सुरू करा.