सुटणाऱ्या हायड्रोजनचा वेग

एथिल मूलक बाटलीत भरून ठेवता येत नाही. दोन कार्बन, पाच हायड्रोजन आणि जोडीदाराविना उरलेला एक इलेक्ट्रॉन, एवढीच त्याची रचना. हा सुटा इलेक्ट्रॉन त्याला टिकू देत नाही; दुसरा मूलक भेटला की दोघे लगेच जोडले जातात. त्यामुळे अतिनील प्रकाशात तो कसा तुटतो हे पाहायचे असेल, तर लेझर पडण्याच्या जेमतेम आधी तो जागेवरच तयार करावा लागतो.

असे मूलक अस्तित्वात असतात, हेच मुळी १९२९ साली सिद्ध झाले. बर्लिनमध्ये फ्रिट्झ पानेट आणि विल्हेल्म होफेडिट्झ यांनी काचनळीत शिशाचा आरसा जमवला आणि त्यावरून मिथाइल मूलकांचा झोत नेला. आरसा हळूहळू नाहीसा झाला, कारण मूलक शिशाशी जोडले जाऊन ते सोबत नेत होते. मूलकाचा वर्णपट मिळायला पुढे पाव शतक लागले. १९५६ मध्ये ओटावाच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड हर्झबर्ग यांनी मिथाइलचा वर्णपट टिपला. २१६ नॅनोमीटरजवळचा त्याचा शोषणपट्टा आजही मिथाइलची ओळख पटवायला वापरतात.

एथिलसाठी आता सिलिकॉन कार्बाइडची बारीक नळी असते, आतून साधारण एक मिलिमीटर रुंद. पीटर चेन यांच्या गटाने ती रूढ केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वीज सोडली की नळी तापून लाल-नारिंगी होते. झडप क्षणभर उघडते आणि हेलियम किंवा आरगॉनमध्ये मिसळलेली प्रोपिल नायट्राइटची वाफ नळीतून झपाट्याने जाते. आत ती मोजके मायक्रोसेकंदच राहते. तेवढ्यात नायट्राइटचे एथिल, फॉर्मल्डिहाइड आणि नायट्रिक ऑक्साइड असे तीन तुकडे होतात. नळीच्या तोंडाशी निर्वात पोकळी असते. तिथे वायू एकदम पसरतो, थंड होतो, आणि मूलकांना धडकायला कोणी उरत नाही.

प्रयोग करणाऱ्याचे कसब लागते ते इथे. नळी कमी तापली तर न फुटलेला नायट्राइटच झोतात राहतो आणि तोही अतिनील प्रकाशात तुटून खोटा संकेत देतो. जास्त तापली तर एथिल लेझरपर्यंत पोचण्याआधीच एक हायड्रोजन गमावून बसतो. म्हणून ११८ नॅनोमीटरच्या प्रकाशाने झोतातल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन हलकेच काढून त्यांची वजने तपासतात. पडद्यावर २९ या वस्तुमानाचे शिखर उंच आणि स्वच्छ दिसेपर्यंत नळीचे तापमान थोडे वर, थोडे खाली करत राहावे लागते. मग नळी थंड ठेवून तेच मोजमाप पुन्हा घेतात आणि पहिल्यातून वजा करतात.

आता मुख्य लेझर. २५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनमध्ये जवळपास ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. एथिलमधून हायड्रोजन सुटून एथिलीन व्हायला दीडच्या आसपास पुरते. उरलेली साडेतीनच्या घरातली ऊर्जा जाते कुठे? याचे उत्तर सुटलेल्या हायड्रोजनच्या वेगात असते. एथिलीनचे वजन २८, हायड्रोजनचे १. त्यामुळे गतीच्या ऊर्जेचे २९ पैकी २८ भाग हायड्रोजनकडे जातात. एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट वाट्याला आलेला हायड्रोजन सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर पळतो. १२१.६ नॅनोमीटरच्या आणि आणखी एका लेझरने त्याला चिन्हांकित करायचे, शोधकापर्यंत यायला किती मायक्रोसेकंद लागले ते मोजायचे, आणि वजाबाकी करून एथिलीनच्या थरथरीत किती ऊर्जा राहिली ते काढायचे. इतक्या साध्या हिशेबातून इतके खोलवरचे उत्तर मिळावे, हे या पद्धतीचे खरे सौंदर्य आहे.

कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठात जिंगसाँग झांग यांच्या गटाने हे मोजले, तेव्हा हायड्रोजनचे दोन घोळके दिसले. एक वेगवान, प्रकाशाच्या ध्रुवणदिशेशी नाते राखून उडणारा. तो रेणू उत्तेजित अवस्थेतून थेट तुटल्याची खूण. दुसरा मंद, सगळ्या दिशांना सारखा पसरलेला. तिथे ऊर्जा आधी रेणूभर वाटली गेली आणि मग बंध तुटला.

पण चेन यांच्या गटाने त्याआधी वेगळेच काही पाहिले होते. एवढी ऊर्जा मिळाल्यावर एथिल क्षणात तुटायला हवा. त्यांच्या मोजमापात मात्र हायड्रोजन येत राहिले ते नॅनोसेकंदांच्या हिशेबाने, सिद्धान्ताच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पटींनी उशिरा. संगणकावर रेणूच्या हालचालींचे मार्ग काढून पाहिले, तर काही रेणू तुटण्याऐवजी ठरावीक हालचालींत दीर्घकाळ अडकून राहिलेले दिसले. ऊर्जा रेणूत झटपट सगळीकडे वाटली जाते, या सर्रास वापरल्या जाणाऱ्या गृहीतकाला सात अणूंचा हा रेणू अडचणीत आणतो. हायड्रोकार्बन मूलकांमधला अभ्यासाला सर्वांत मोलाचा मूलक म्हणूनच एथिल.

ज्वालेत काजळी कशी धरते आणि शनीच्या टायटन या चंद्रावर नारिंगी धुके कसे साचते, या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी असेच मूलक आहेत. टायटनवर सूर्याचा अतिनील प्रकाश मिथेन फोडतो, आणि जेम्स वेब दुर्बिणीला तिथला मिथाइल मूलक थेट दिसल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वातावरणाच्या गणिती प्रारूपांत अनेक मूलकांच्या तुटण्याचे आकडे अजून अंदाजानेच भरावे लागतात. ते प्रयोगशाळेत मोजायचे काम बाकी आहे.