जुन्या मोटारीची ‘व्हॅक्यूम’ नळी : जिन्नस लहान, खोळंबा मोठा

मारुती 800 ही मोटार 1983 च्या डिसेंबरात आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तरी कार्बुरेटरची जुनी मारुती अजून कितीतरी वस्त्यांवर दूध, बाजार आणि दवाखान्याच्या कामी येते. अशी गाडी उभ्या जागी अडखळू लागली, पेट्रोल जास्त खाऊ लागली, की पुष्कळजण आधी कार्बुरेटर खोलतात. दोष मात्र वीतभर रबरी नळीत असू शकतो.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असली की झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, दाब कमी होतो. ही ओढ म्हणजेच व्हॅक्यूम. चांगले इंजिन मंद चालताना ती पाऱ्याच्या साधारण 17 ते 21 इंचांइतकी असते. नळ्यांवाटे ती डिस्ट्रिब्यूटरच्या डबीला आणि बूस्टर असल्यास ब्रेकला मदत करते. नळीला चीर पडली की जादा हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते आणि इंजिन धापा टाकते. उष्णतेने रबर कडक होते. गोठ्याशेजारी गाडी उभी असेल तर उंदीरही नळ्या कुरतडतात.

तपासणी अशी करावी

1. इंजिन थंड व बंद असताना प्रत्येक नळीची टोके हलकेच वाकवून पाहावीत. चिरा बहुधा टोकाशीच पडतात.

2. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा व इंजिन मंद चालू ठेवावे. पदर, उपरणे पंख्यापासून दूर असू द्यावे. ‘स्स्स’ असा आवाज येतो का, ते ऐकावे.

3. एकेक नळी बोटांनी दाबून धरावी. एखादी दाबताच इंजिन सावरले, तर दोष त्या नळीत किंवा ती जिथे जाते त्या भागात आहे.

4. संशयित जागी साबणाचे थोडे पाणी लावावे. चाल बदलली तर गळती तिथेच. वायरींवर पाणी पडू देऊ नये. या कामी पेट्रोल कदापि वापरू नये, आग लागेल.

5. बूस्टर असल्यास इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर ठीक. न गेल्यास नळी, तिची एकेरी झडप किंवा बूस्टर बिघडला आहे.

टोकच चिरले असेल आणि नळीला ढील असेल, तर तेवढे कापून पुन्हा बसवावे. एरवी त्याच मापाची, जाड, व्हॅक्यूमसाठीचीच नळी घ्यावी. फवारणी पंपाची पातळ नळी ओढीने आत चिकटते. एका वेळी एकच नळी काढावी, म्हणजे अदलाबदल होत नाही. गळती थांबल्याशिवाय मंद गतीचा स्क्रू फिरवू नये. त्याने दोष झाकला जातो.

ब्रेक दगडासारखा कडक लागत असेल, तर मात्र मुलाबाळांना घेऊन घाट उतरू नये. गाडी जागेवर ठेवून आधी कारागिराला बोलवावे.