बालकांची पादत्राणे

बालकांची पादत्राणे : जन्मापासून शालेय वयापर्यंत मुलांच्या पायांत घालावयाचे मोजे, मऊ बूट, सपाता, चपला व टणक तळाचे बूट यांचा समावेश या संज्ञेत होतो. थंडी, उष्णता, काटे, खडे व जमिनीतील रोगकारक जीव यांपासून पावलाचे रक्षण करणे, हे पादत्राणाचे मुख्य कार्य होय. निरोगी पावलाला चालण्यासाठी बाह्य आधाराची गरज नसते. त्यामुळे टणक तळाचा बूट कधी घालावा हे केवळ वयावरून ठरत नाही. मूल कोणत्या जमिनीवर चालणार आहे, यावरून ते ठरते.

पावलाची वाढ : प्रौढ माणसाच्या पावलात २६ अस्थी असतात. जन्माच्या वेळी यांपैकी बराच भाग उपास्थीचा (कूर्चेचा) असतो. टाचेच्या व घोट्याच्या अस्थींत अस्थिभवन जन्मापूर्वीच सुरू झालेले असते. परंतु कमानीच्या आतील बाजूच्या नौकाकृती अस्थीत ते साधारणपणे तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. लहान मुलाच्या तळव्याखाली चरबीचा थर असतो व सांध्यांचे बंध सैल असतात. म्हणून चालू लागलेल्या बहुतेक सर्व मुलांचे पाऊल सपाट दिसते. ही विकृती नव्हे. कमान पहिल्या काही वर्षांत हळूहळू स्पष्ट होत जाते. मऊ पाऊल अरुंद वा ताठ बुटात दाबले गेले, तरी मूल वेदनेची तक्रार करीलच असे नाही. त्यामुळे दोष उशिरा लक्षात येतो.

जुने समज व संशोधन : ताठ तळाच्या, घोट्यापर्यंत उंच बुटाने पाऊल ‘घडते’ व कमान तयार होते, असा समज विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत रूढ होता व तो भारतीय शहरांतही पसरला. डेनिस वेंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात लवचिक सपाट पाऊल असलेल्या लहान मुलांना तीन वर्षे सुधारक बूट व आधार वापरावयास दिले; साधे बूट वापरणाऱ्या मुलांच्या तुलनेत त्यांच्यात अधिक सुधारणा आढळली नाही. भारतात कर्नाटकातील मणिपाळ येथील कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयाच्या उदय भास्कर राव व बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले (१९९२). पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलाचे प्रमाण ८·६ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत २·८ टक्के आढळले. पुढचा भाग बंद असलेले बूट वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. अशा तुलनेवरून बूट हेच एकमेव कारण ठरत नाही. तथापि लवकर घातलेल्या बुटाने कमान बनते, या समजाला आधार उरत नाही.

वयानुसार वापर : न चालणाऱ्या अर्भकाला बुटांची आवश्यकता नसते, थंडीत सैल मोजे पुरेसे होतात. बहुतेक मुले ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्रपणे चालू लागतात. या काळात घरातील स्वच्छ व कोरड्या जमिनीवर मुलाला अनवाणी चालू द्यावे. बोटांनी जमीन धरणे व तळव्याच्या स्पर्शाने तोल सावरणे, हे मूल त्यातूनच शिकते. घराबाहेर चालण्यासाठी पातळ, न घसरणाऱ्या व चवड्यापाशी सहज वाकणाऱ्या तळाची पादत्राणे योग्य होत. मूल स्थिरपणे चालू व धावू लागल्यावर खडबडीत जमिनीसाठी अधिक टणक तळ वापरण्यास हरकत नाही. मात्र तोही चवड्यापाशी वाकला पाहिजे. वाजणारे जड बूट व उंच टाचा टाळाव्यात.

नाशिक जिल्ह्यातील परिस्थिती : जमिनीनुसार गरज कशी बदलते, याचे हा जिल्हा चांगले उदाहरण आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी हे पश्चिमेकडील तालुके डोंगराळ, अतिपावसाचे व भातशेतीचे आहेत. उबदार, ओलसर व मानवी विष्ठेने दूषित झालेल्या मातीत अंकुशकृमींच्या अळ्या वाढतात व अनवाणी पावलाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. त्यातून उद्‌भवणारा रक्तक्षय मुलाची वाढ खुंटवतो. अशा मातीत अनवाणी चालणे पावलाच्या कमानीस पोषक असले, तरी मुलास घातक ठरू शकते. येथे धुता येणारी व लवकर वाळणारी पादत्राणे, शौचालयाचा वापर व जंतनाशक औषध ही तिन्ही आवश्यक होत. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा उपक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात अंगणवाड्या व शाळांतून अल्बेंडाझोल हे औषध देण्यात येते. पूर्वेकडील मालेगाव, येवला या कोरड्या भागांत उन्हाळ्यात तापलेली जमीन व बाभळीचे काटे हे मुख्य धोके असतात. तेथे काटा आरपार जाणार नाही इतका जाड तळ हवा. निफाडच्या कडक थंडीत घरातही मोजे लागतात. परंतु गुळगुळीत फरशीवर ते घसरतात, म्हणून चालणाऱ्या मुलास मऊ, न घसरणारे बूट अधिक सुरक्षित असतात. पादत्राणे वापरली, तरी धनुर्वातप्रतिबंधक लस वेळेवर देणे आवश्यक असते.

निवड व माप : मुलाला कागदावर उभे करून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढावी व मोठ्या पावलाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे सु. १ सेंमी. जागा असावी आणि पुढचा भाग बोटे पसरण्याइतका रुंद असावा. ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून फार मोठे बूट घेतल्यास पाऊल आत घसरते व मूल अडखळते. भावंडाचे झिजलेले बूट आधीच्या पावलाच्या वळणाचे झालेले असल्याने शक्यतो वापरू नयेत. चालू लागलेल्या मुलाचे माप दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावे.

वैद्यकीय उपयोग : जन्मजात वाकड्या पावलाच्या (मुद्‌गरपादाच्या) उपचारात मात्र विशिष्ट टणक बूट अर्भकावस्थेतच अनिवार्य ठरतात. इग्नासिओ पोन्सेती (१९१४–२००९) यांच्या पद्धतीत प्लॅस्टरचे साचे क्रमाने बदलून पाऊल सरळ करतात. नंतर पट्टीला जोडलेले बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर व पुढे सु. चार वर्षांच्या वयापर्यंत झोपेच्या वेळी घालतात. ते मध्येच सोडल्यास विकृती पुन्हा उद्‌भवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (प्रारंभ २०१३) या विकृतीची तपासणी अंतर्भूत आहे. याखेरीज एकाच पावलाचा वेगळा आकार, ताठर वा दुखणारे पाऊल, लंगडणे किंवा १८ महिन्यांनंतरही न चालणे ही लक्षणे दिसल्यास दुकानातील ‘सुधारक’ बुटांवर विसंबून वेळ दवडू नये. मुलास वैद्याकडून तपासून घ्यावे.